धारेपुरतं तिखं

आमच्या लोहारसाळेत पोलाद हा शब्द उशिरा आला. आजा त्याला तिखं म्हणायचा. त्याच्या उमेदीत तिखं महाग, म्हणून अख्खा विळा त्याचा कधीच होत नसे. मऊ लोखंडाचं पातं कडेला चिरायचं, फटीत तिख्याची बारीक पट्टी बसवायची आणि पांढऱ्या धगीवर तापवून घणाखाली एकजीव करायचं.

बारा बलुत्यांत लोहार थोरल्या कासेतला, म्हणजे पहिल्या ओळीतला. गावाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी वर्षभर सांभाळायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. ही घडी मोडायला कारणं बरीच झाली. आमच्या ऐरणीपाशी बसून मला दोन दिसतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. मग घेऊ लागले, आणि त्याचा फाळ कारखान्यातूनच तयार यायला लागला. दुसरं कारण ट्रक. जुन्या ट्रकांचे कमानपाटे भंगारात किलोवर मिळायला लागले आणि गरिबाच्या विळ्यातही सगळंच पोलाद आलं.

मी शिकलो ते पाट्यांवर. भाता ओढताना आजा फक्त रंग बघायला लावी. नारिंगी असेतो ठोक, काळपट लाल झालं की थांब, ठिणग्या उडाल्या तर पोलाद जळालं. पहिला विळा मी घडवला आणि जुन्या रीतीनं थंड पाण्यात बुडवला. बारीक ‘टिक’ झालं, पात्याला केसाएवढी चीर. आजा म्हणाला, “पाट्याला पाणी सोसत नाही रं, त्याला तेल पाज.”

दुसरा तेलात पाजला. विटकरीनं घासून पातं उजळ केलं आणि मागची कड निखाऱ्यावर धरली. उजळलेल्या पात्यावरून रंग सरकत आला: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, त्यामागं तपकिरी, जांभळा. पिवळा धारेला टेकला तसा आजानं विळा ओढून गार केला. निळ्यापर्यंत गेला असता तर धार मऊ पडली असती.

आजाचा स्वतःचा विळा माझ्याकडे आहे. घासला की दोन रंग दिसतात, वर मळकट लोखंड आणि काठाला तिख्याची उजळ रेघ. झिजून ती आता सुतळीएवढी उरली आहे.