उसनीं वाक्यें आणि मराठी ज्ञानकोश



साठी उलटलेल्या मास्तरासच कोणीं नापास केलें, तर त्यास काय वाटेल? मला तो अनुभव आला आहे. सेवेंतून मुक्त झाल्यावर आपल्या सांताक्रूझची माहिती चार लोकांस व्हावी, या हेतूनें मीं मराठी विकिपीडियावर कांहीं परिच्छेद लिहिले. दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों ते सर्व नाहींसे झालेले! तेथें सौम्य शब्दांत एक सूचना होती, कीं हा मजकूर एका छापील पुस्तकांतून जसाच्या तसा उतरला आहे, तरी तो स्वतःच्या शब्दांत लिहावा. प्रथम राग आला. परंतु आरोप खरा होता. गाइडांतील उत्तर उतरणाऱ्या मुलांना मीं जन्मभर बाकावर उभें केलें. आज त्यांच्याच रांगेंत मी उभा होतों.

राग ओसरल्यावर मनांत आलें, कीं हें दुखणें कांहीं आजचें नाहीं. परभाषेंतील ज्ञान मराठींत आणण्याचा उद्योग गेलीं दोनशें वर्षें चालू आहे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. या कामीं त्यांस साह्य करणारे मेजर थॉमस कँडी यांनीं शालेय पुस्तकांचीं भाषांतरें तपासण्यांत पुष्कळ वर्षें घालविलीं. त्यांच्या हातून मराठीस विरामचिन्हें मिळालीं, पण त्याचबरोबर इंग्रजी वळणाची वाक्यरचनाही आली, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली, ती मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीची चर्चा करूनच.

त्यानंतर डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर आले. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या गृहस्थास एखादा इंग्रजी कोश समोर ठेवून त्याचें भाषांतर करविणें अवघड नव्हतें. तो सोपा मार्ग त्यांनीं घेतला नाहीं. जगाकडे पाहतांना आपण कोठें उभे आहों, हें आधीं ठरविलें पाहिजे, असें मानून त्यांनीं प्रस्तावनेचेच पांच खंड काढले. त्यांतील पहिला 'हिंदुस्थान आणि जग' हा १९२० सालीं प्रसिद्ध झाला. गांवोगांव वर्गणीदार मिळवीत त्यांनीं तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा केला. सरकारी पाठबळावांचून एवढें काम उभें राहिलें, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ सालच्या महाराष्ट्रदिनीं, म्हणजे १ मे रोजीं झाला. येथें संपादक नेमलेला नाहीं. ज्यास लिहितां येतें तो लिहितो व ज्यास चूक दिसते तो ती सुधारतो. या मोकळीकीमुळें सामान्य माणसास ज्ञानकोशाचें दार उघडें झालें. पण उघड्या दारानें पाहुण्याबरोबर धूळही आंत येते. आतां भाषांतर यंत्र करून देतें. इंग्रजींतील 'मायनर' शब्दाचे दोन अर्थ आहेत. न वाचतां यंत्राचा मजकूर उचलला, तर अशोकाचे गौण शिलालेख 'अल्पवयीन शिलालेख' होऊन बसतात, आणि 'बँक' या शब्दामुळें नदीच्या कांठीं पेढी उघडते! आपण हंसून सोडून देऊं. परंतु सातवींतला मुलगा तेंच वहींत उतरून घेतो आणि तेंच खरें मानतो. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेची कथा याहून विषादाची आहे. त्या भाषेच्या विकिपीडियांतील हजारों लेख, ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन तरुणानें लिहिले होते, असें २०२० सालीं उघड झालें. त्याचा हेतु वाईट नव्हता. पण परक्यांनीं तीच खरी स्कॉट्स समजली. लहान भाषेचें असें नुकसान मोठ्या भाषेपेक्षां लवकर होतें.

नकलेचा दोष निराळा आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेंपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क राहतो. माहिती सर्वांची असते, पण तिची मांडणी लेखकाची असते. बरें, हक्क संपलेलें जुनें पुस्तक उतरावें, तर तेथें काळ फसवितो. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. सांताक्रूझ त्यांत होतें, मुंबई शहरांत नव्हतें. १९५० सालीं शहराची हद्द वाढली, तेव्हां आम्ही मुंबईकर झालों. त्यापूर्वींच्या पुस्तकांतील 'हल्लीं' हा एक शब्द जरी तसाच उतरला, तरी आमचें गांव पुन्हां मुंबईबाहेर जाऊन बसतें!

मग दुरुस्ती कशी करावी? मीं माझ्यापुरती रीत ठरविली आहे. मूळ मजकूर दोनदां वाचावा, मग तो मिटून ठेवावा, आणि शेजाऱ्यास सांगावें तसें मराठींत लिहावें. नंतर सनावळ्या व नांवें पुन्हां ताडून पाहावींत. माहिती कोठून घेतली तें नमूद करावें. दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावरून भाषांतर केलें असल्यास त्या पानाचा उल्लेख करावा. दुसऱ्याचा बिघडलेला लेख दिसला, तर त्याची थट्टा न करतां एक परिच्छेद नीट करावा. मोडकें घर पाडण्यापेक्षां शाकारणें पुष्कळदां बरें.

माझे परिच्छेद मीं याच रीतीनें पुन्हां लिहिले. पूर्वींच्या निम्मेच उरले, पण ते टिकले. नवशिक्यांनीं सराव करावा म्हणून या ज्ञानकोशांत एक पान राखून ठेवलें आहे. त्याचें नांव धूळपाटी. आपल्या पूर्वजांनीं पंतोजींच्या शाळेंत धुळीवर अक्षर गिरविलें, चुकलें कीं हातानें पुसलें आणि पुन्हां गिरविलें. जन्मभर दुसऱ्यांचीं अक्षरें तपासून झाल्यावर मी त्या पाटीसमोर पुन्हां बसलों आहें. शेजारीं जागा रिकामी आहे; आपणही यावें.