अद्भुत कादंबरी व तिचे वाचक

महालांतील जुन्या वाड्यांतून दप्तरें धुंडाळणारांची दृष्टि सनदा व बखरी यांवरच खिळते. चमत्कारिक कथांचीं फाटकीं पुस्तकें रद्दींत जातात. हें योग्य नव्हे. आजचीं मुलें हॅरी पॉटरचीं भाषांतरें आवडीनें वाचतात. त्यांच्या पणज्यांची आवड कोणती, हें त्या रद्दींतूनच कळावयाचें.

अद्भुत कादंबरी म्हणजे वास्तवाची ओळख नसलेल्या वाचकांचें खाद्य, हा समज कालक्रम पाहतां टिकत नाहीं. विधवांचें दुःख सांगणारें बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची व रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. म्हणजे वास्तव आधीं, अद्भुत मागाहून! कारण रिसबूडांनींच प्रस्तावनेंत दिलें आहे : आपल्या लोकांच्या नित्य आयुष्यांत मनोरंजक असें थोडेंच घडतें, म्हणून अद्भुताचा आश्रय. जेथें लहानपणींच लग्नें लागत, तेथें प्रेमकथेस स्थळ तरी कोठून आणावयाचें?

पैशाचींतील गुणाढ्याची 'बृहत्कथा' लुप्त झाली. ११ व्या शतकांत सोमदेवानें तिचा कथाभाग संस्कृतांत आणला, म्हणून 'कथासरित्सागर' तरी हातीं आहे. 'मंजुघोषे'ची जुनी प्रत कोणाच्या माळ्यावर असल्यास मालकाचें नांव व समासांतील टिपा यांसह तिची नोंद संग्राहकांनीं करावी.