भूकंपाचे दप्तर

चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागात, हवामान खात्याच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक उंच अखंड स्तंभ उभा आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला वेधशाळा बांधली, तेव्हा ताऱ्यांचे वेध घेणारे यंत्र यत्किंचितही हलू नये म्हणून सुमारे दहा टनांचा हा खांब रोवण्यात आला. परंतु भूमीच हलली तर? तिच्या हालचालीची नोंद कोणी ठेवावयाची, आणि ती पुढे कोणाला पाहावयास मिळावी? सरकारी दप्तरात उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला यांतला दुसरा प्रश्न अधिक बोचतो.

३१ डिसेंबर १८८१ च्या सकाळी मद्रासला भूकंपाचा धक्का जाणवला. त्याचा उगम बंगालच्या उपसागरात, कार निकोबार बेटाजवळ होता. आपल्या देशात भूकंपलेखन नियमितपणे सुरू व्हावयास अजून सतरा वर्षे अवकाश होता. मात्र बंदरोबंदरी भरती-ओहोटी मोजणारी यंत्रे बसविलेली होती. पाण्यावरचा तरंगक वरखाली होई आणि फिरत्या नळकांड्यावरील कागदावर तशी रेघ उमटे. त्या दिवशी उपसागराभोवतालच्या आठ ठिकाणी या रेघांवर भरतीशी संबंध नसलेले हेलकावे उमटले. सर्वांत मोठी लाट मीटरभरही उंच नव्हती. तरीही सर्वेक्षण खात्यातील रॉजर्स नावाच्या अधिकाऱ्याने ते सारे कागद जुळवून १८८३ मध्ये त्यांचा वृत्तांत छापविला.

अशा नोंदी वाचताना पहिली अडचण येते ती घड्याळाची. १९०६ पूर्वी देशाला एक वेळ नव्हती. मद्रासची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे, तर मुंबईची ४ तास ५१ मिनिटे. भूकंपाची लहर एका मिनिटात जवळजवळ ५०० किलोमीटर जाते. म्हणजे घड्याळ कोणते हे ठाऊक नसेल, तर रेघ असूनही ती मुकी.

या जुन्या कागदांना २००३ मध्ये वाचा फुटली. ऑर्टिझ आणि बिल्हॅम या दोन संशोधकांनी त्या आलेखांवरून गणित मांडून १८८१ च्या भूकंपाची तीव्रता ७.९ ठरविली आणि समुद्रतळाशी खडक कोठे व किती सरकला, तेही दाखविले. पुढल्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्रापासून अंदमानपर्यंतचा समुद्रतळ फाटला. सुमारे अडीच तासांनी लाट मरीनाच्या वाळूवर चढली. तेवढ्या वेळात किनाऱ्यावर कोणीही इशारा दिला नाही. अशी लाट पूर्वेकडून येते, हे कागदावर सव्वाशे वर्षे लिहिलेले होते. त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र हैदराबादला उभे राहिले ते २००७ मध्ये.

नोंदी एकमेकांना देण्याची रीत भूकंपशास्त्रात जुनी आहे. जॉन मिल्न हा शास्त्रज्ञ इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर बसून मुंबई, कलकत्ता, कोडाइकनाल अशा दूरदूरच्या ठाण्यांची टिपणे मागवी आणि ती एकत्र छापून पुन्हा सर्वांना धाडी. १९६० नंतरच्या जागतिक जाळ्यात पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाइकनाल ही आपली ठाणी होती. मूळ आलेखांची छायाचित्रे घेतली जात आणि मागेल त्याला अल्प मूल्यात प्रती मिळत.

महाराष्ट्राला याहून जवळचा दाखला कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पण धरणाच्या पोटातील यंत्राने तो धक्का कागदावर धरून ठेवला. रुडकीच्या जयकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे विश्लेषण १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून देशोदेशींचे अभियंते धरणांची बळकटी अजमावण्यासाठी तोच आलेख वापरीत आले आहेत. आमच्या दुःखाची ती रेघ परक्यांच्या धरणांना उपयोगी पडली.

नोंद मागणाऱ्याने ठाणे, दिनांक, वेळ आणि कंपनाची दिशा नेमकी सांगावी, हे योग्यच. देणाऱ्यानेही आलेखाबरोबर यंत्र कंपन किती पटींनी वाढवून दाखवी आणि त्याचे घड्याळ किती मागे-पुढे होते, हे कळवावे. एरव्ही दिलेली नक्कल न दिल्यासारखीच.

एका कचेरीत जुन्या नोंदीच्या नकलेसाठी आलेला अर्ज ‘प्रयोजन स्पष्ट करावे’ या शेऱ्यानिशी परत गेला होता. शेरा माझाच होता. अर्जदार पुन्हा आला नाही. पुढे १८८१ ची ही हकीकत वाचली, तेव्हा मनात आले : १८८३ मध्ये रॉजर्सला कोणी प्रयोजन विचारले असते, तर तो बिचारा काय सांगणार होता?