‘हार्दीक’ शुभेच्छा कुठून आल्या?

आजचा विषय रागाचा आहे, आणि तो राग आमचाही आहे हे आधीच कबूल करतो. येताना चौकात एक फलक दिसला : ‘हार्दीक शुभेच्छा’. खाली ‘परिक्षेत’ यश मिळवलेल्या मुलांचे फोटो. आम्ही मनातल्या मनात लाल पेन काढलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रोज काढलेलं असेल. लग्नपत्रिकेवर ‘शुभाशिर्वाद’ दिसला की जेवणावरची वासना उडते, असे लोक आमच्या माहितीत आहेत. (जेवतात मात्र पोटभर.)

पण हा ‘हार्दीक’ आला कुठून? तो रंगाऱ्याच्या आळसातून आला असं आपण धरून चालतो. जरा नियम बघू. मराठी शब्दाच्या शेवटी अकार असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ : गरीब, वकील, फूल, सून. शेवटचं अक्षर दीर्घ असेल, तर आधीचं ह्रस्व : गरिबी, वकिली, किडा, महिना. आता या नियमाने ‘हार्दिक’ लिहून बघा. ‘हार्दीक’ होतो. ‘मंदिर’चं ‘मंदीर’ होतं. ‘परीक्षा’ची ‘परिक्षा’ होते. म्हणजे रंगाऱ्याने मराठीचा नियम मोडलेला नाही, उलट इमानाने पाळलाय. त्याला ठाऊक नाही ते एवढंच, की हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, तत्सम आहेत आणि त्यांना या नियमातून सूट आहे. ही सूट वापरायची तर शब्दाचं कूळ माहीत पाहिजे. कूळ कुणाला माहीत असणार? ज्याच्या घरी किंवा शाळेत संस्कृत होतं त्याला. बाकीच्यांनी शब्द एकेक करून पाठ करायचे.

हे असं झालं कसं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. पेशवाईतला कारभार मोडीत चालायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. मोडीच्या व्यवहारात ह्रस्व-दीर्घाचा भेद कुणी पाळत नसे. वेलांटी म्हणजे वेलांटी. राज्याचा हिशेब, फौजेचे हुकूम, जमिनीचे निवाडे, सगळं या लिखाणात झालं, आणि ह्रस्व-दीर्घावाचून कुणाचं अडलं नाही.

मग छापखाना आला, आणि छापायचं म्हटलं की एकच रूप ठरवावं लागतं. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. मेजर थॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांच्या भाषेवर हात फिरवला आणि स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी मराठीत रुळवली. ही सगळी कामं मोठी आहेत, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. पण प्रमाण म्हणून जे रूप छापलं गेलं, ते पुण्याकडच्या शिकलेल्या, पंडिती वळणाच्या लिखाणाचं होतं.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मालेतून शास्त्रीबुवांनी फुल्यांवर जी टीका केली, तिच्यात फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टाही होती. आता बघा, फुल्यांचा प्रश्न होता माणसाला माणूस म्हणून वागवण्याचा. त्या प्रश्नावर वाद घालता आला असता. पण लेखकाला नीट लिहिता येत नाही एवढं ठरलं की तो काय म्हणतोय ते ऐकायचं कारणच उरत नाही! हा डाव आजही चालतो. कुणी गाऱ्हाणं लिहितं, आणि पहिलं उत्तर येतं : आधी शुद्धलेखन सुधारा.

पुढची गंमत ऐका. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे १४ नियम केले आणि राज्य शासनाने ते स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘पांच’चे ‘पाच’ झाले, ‘कांहीं’चं ‘काही’ झालं, ‘नांव’ आणि ‘नाव’ एकाच होडीत बसले. ‘कवि’ आणि ‘गुरु’ हे शब्द ‘कवी’, ‘गुरू’ झाले. समासात मात्र ‘कविसंमेलन’ आणि ‘गुरुकुल’ ह्रस्वच राहिले. आजोबांनी जन्मभर बरोबर लिहिलेला ‘कवि’ नातवाच्या वहीत चूक ठरला. दोघांनाही आपापल्या काळी गुण मिळाले, म्हणून भांडण झालं नाही इतकंच.

या १८ नियमांत एक नियम जुनं साहित्य पुन्हा कसं छापावं याचा आहे. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात असेल तसंच छापायचं. त्यांच्यापासून पुढचं सगळं नव्या नियमांनुसार सुधारून घ्यायचं. म्हणजे नियमावर अक्षरशः बोट ठेवलं, तर १८७३ ची ‘गुलामगिरी’ जशी लिहिली तशी राहील. आणि ‘निबंधमाला’? विष्णुशास्त्र्यांचे अनुस्वार मुद्रितशोधकाने खोडायचे!

म्हणून शुद्धलेखन नकोच, असं आम्ही म्हणत नाही. कोर्टाच्या निकालात, औषधाच्या चिठ्ठीत, पाठ्यपुस्तकात एकसारखं लेखन हवंच. सूट कमी करा, तत्सम शब्दांनाही मराठीचाच नियम लावा, अशी सूचना काही अभ्यासक करत आले आहेत. शब्दाच्या शेवटच्या अक्षरापुरतं १९६२ मध्ये तसं केलंही गेलं, ‘कवी’ हा त्याचाच पुरावा. मग मधल्या अक्षरापाशी आपण का थांबलो, हे त्या वेळच्या मंडळींना विचारायला हवं होतं.

परत जाताना तोच चौक लागेल. लाल पेन निघेलच, सवय आहे. फक्त या खेपेला ‘हार्दीक’च्या शेजारी ‘वकील’ लिहून बघणार आहोत. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.