खिळे जुळवणाऱ्या बायका आणि वेबसाइट बनवणाऱ्या मुली



आपल्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. मुलगी बी.ए. झाली, यूट्यूबवर बघून बघून वेबसाइट बनवायला शिकली, पण इंजिनिअरिंगची डिग्री नाही. तिला पहिली नोकरी देणार कोण? आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत, आणि त्याची सुरुवात पुण्याच्या आयटी कंपन्यांपासून करणार नाही. भांडगावहून चौफुल्याला वळलं की लागतं ते केडगाव, तिथून करणार आहोत.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून विधवा, अनाथ, टाकलेल्या बाया-मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विणकाम होतं, तेलघाणा होता, दूधदुभतं होतं. आणि छापखानाही होता. त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं. त्यात आपली मराठी म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळ्याचे खिळे वेगळे. एक खिळा चुकला की शब्द बिघडला. मग कच्चा कागद काढायचा, चूक शोधायची, खिळा बदलायचा, पुन्हा कागद काढायचा. आज वेबसाइट बनवणारी मुलगी दिवसभर नेमकं हेच करते. एक चिन्ह राहिलं तरी पान बिघडू शकतं, मग ती बसते शोधत.

खिळे जुळवणाऱ्या या बायकांतल्या कितीतरी जणी अक्षरओळखही तिथेच शिकल्या होत्या. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. त्याचे खिळे याच बायकांनी जुळवले, छपाईही त्यांनीच केली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यांच्या धर्माबद्दल कुणाचं मत काहीही असो, हजारो खिळ्यांचं ते काम आपल्याच तालुक्यातल्या बायकांच्या हातचं आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. छापखाना त्यांचा स्वतःचा होता, म्हणून पहिलं काम मागायला त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. आपल्या मुलींचं अडतं ते इथेच.

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फिलाडेल्फियात एनिॲक नावाचा अवाढव्य संगणक तयार झाला, तीस टनांचा. तो चालवायला सहा तरुणी निवडल्या. त्यातली बेटी जीन जेनिंग्ज मिसुरीतल्या शेतकरी घरातली, तर के मॅकनल्टी आयर्लंडहून लहानपणी आलेली. गणित त्यांना येत होतं, पण प्रोग्रामिंगचं पुस्तक जगात कुठेच नव्हतं, शिकवणारा तर नव्हताच. लष्करी गुपित म्हणून सुरुवातीला यंत्र बघायचीही परवानगी नव्हती. नुसते नकाशे पुढे ठेवून, इंजिनिअरांना विचारून विचारून त्या शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र लोकांना दाखवलं, वाहवा झाली, आणि त्या रात्रीच्या मेजवानीला या सहाजणींना बोलावणंही नव्हतं! त्यांच्या कामाची जाहीर दखल घ्यायला पुढे पन्नास वर्षं गेली. सांगायचं एवढंच, की या धंद्यातल्या पहिल्या पिढीलासुद्धा कुणी शिकवलेलं नव्हतं.

वेबसाइटचं काम तर आणखी मोकळं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. त्यांची सर्न ही संस्था जिनिव्हाजवळ आहे. तिने ३० एप्रिल १९९३ ला जाहीर केलं की हे तंत्र कुणीही फुकट वापरावं. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. कॉम्प्युटरवर कुठलंही वेबपान उघडलं की त्याच्या आतली मांडणीही बघता येते. म्हणजे दुसरीची वीण उलटून बघावी आणि आपण तशी घालावी, तसं शिकता येतं.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांचं. इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये ते महिना नऊ हजारांवर पडेल ते काम करत. तिथे कॉम्प्युटरवर बसणारी माणसं बघून ते आधी डिझाइनचं काम शिकले, मग प्रोग्रामिंग, आणि पुढे स्वतःची कंपनी काढली. हो, ते पुरुष आहेत, रात्री उशिरा बाहेर राहिले तर त्यांना कुणी विचारत नसणार. आपल्या मुलींचं गणित वेगळं आहे, ते आम्हाला कळतं.

पण नोकरी देणारा बघतो काय? डिग्री नसेल तर केलेलं काम. तीन-चार चालू वेबसाइट, खऱ्या कुणासाठी तरी बनवलेल्या. मुलाखतीत एखादं छोटं काम समोर ठेवतात, आणि हे असं का केलंस म्हणून विचारतात. दुसऱ्याचं उचललेलं असेल तर तिथे उघडं पडतं. आणि नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणारा भेटला, तर सरळ घरी परत या.

पहिलं खरं काम मात्र कुणीतरी द्यावंच लागतं. ते आपले गट देऊ शकतात. आपले पापड-मसाले आहेत, कुरडया आहेत, दूध संकलन आहे, गुऱ्हाळं आहेत. यातल्या कुणाची वेबसाइट आहे?

आमच्या गटात सध्या एका जुन्या लॅपटॉपसाठी कर्जाचा अर्ज आला आहे. शेळीसाठी कर्ज मागितलं तर कुणी डोळे वर करत नाही, लॅपटॉपला मात्र दोन बैठका वाद झाला. शेळी मेली तर विमा असतो, लॅपटॉप बिघडला तर काय, हा एका ताईंचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी असं ठरलं की मुलीने गटाच्या मसाल्यांची वेबसाइट बनवून पुढच्या बैठकीत दाखवावी. दरपत्रक मराठीत, फोटो आपल्याच मसाल्यांचे, आणि फोन लावायचं बटण. तिला त्याचे पैसे गट देणार आहे. लॅपटॉपच्या हप्त्यांचं त्याच बैठकीत बघू.