बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा २९ सप्टेंबर १८८३ या तारखेपाशीच थांबते. इंग्लंडमधील वाँटेज येथे त्या दिवशी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. विरोधकांच्या लेखी त्या बाटल्या, मिशनऱ्यांच्या लेखी तरल्या. रमाबाईंचा स्वतःचा हिशेब मात्र निराळा होता. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म गवसला, ख्रिस्त गवसला नव्हता, असा कबुलीजबाब त्यांनी १९०७ मध्ये लिहिला.

या दोहोंतले अंतर त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते. अ. भि. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती, की दीक्षा घेतलेल्या बाईने चर्चची शिकवण निमूट मानावी. रमाबाई विचारीत, त्रैक्याचा सिद्धांत बायबलात नेमका कोठे आहे? इथल्या पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवले असता दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. श्रद्धा म्हणजे आज्ञापालन नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

‘कृपा’ समजणे याहून कठीण होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह तीर्थे केली, व्रते केली, दानधर्मात सारे वेचले. अखेर दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुण्य कमवावे लागते, हाच संस्कार घेऊन रमाबाई नव्या धर्मात आल्या होत्या. ख्रिस्ती शिकवण सांगते, की कृपा कमावता येत नाही, ती केवळ स्वीकारायची असते. विदुषीला हे पचणे सोपे नव्हते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम यांचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. धर्मोपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केल्यावर आपल्यालाच अजून तारण लाभलेले नाही, हे हॅसलमना उमगले होते. रमाबाईंना त्यात आपलीच अवस्था दिसली.

फुकट मिळालेल्या या कृपेची किंमत पुढे मोजावी लागली. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे व भांडारकर बाहेर पडले; पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा यांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. ‘कृपेने तरायचे, तर कर्म कशाला?’ या जुन्या आक्षेपाला त्यांचे उत्तर ग्रंथात नव्हे, केडगावात शोधावे लागते.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. छपाईचे कामही मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केले. वयाच्या पंचविशीत ‘हे बायबलात कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या रमाबाईंनी तो प्रश्न नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईलाही विचारता यावा, अशी सोय करून ठेवली.