कांजिण्यांच्या लसीची जन्मकथा

गेल्या वर्षी मुलांच्या नाटुकल्याला दोन दिवस उरले असताना आपल्या उंदीरमामाच्या अंगावर फोड दिसले आणि नाटुकले रद्द करावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. "कांजिण्याच ना, आठवड्यात बऱ्या होतील," असे आपण सारेच म्हणालो. इथे टाटानगरात तर शेजारीपाजारी या आजाराला 'छोटी माता'च म्हणतात. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला तेव्हा मनात हाच विषय आला. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत रूळ सांभाळणारा माणूस आहे. जे वाचले आणि जे भोगले, तेवढेच लिहितो.

'छोटी' म्हणण्याचे कारण 'बडी माता', म्हणजे देवीचा रोग. १९७४ साली भारतात देवीच्या १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. त्या साथीत आपल्या टाटानगर स्टेशनचे नाव फार वाईट कारणाने पुढे आले. कामासाठी आलेले मजूर आजारी पडले की गाडी पकडून गावी जात आणि बरोबर रोगही नेत. दूरच्या गावांतील साथीचा माग काढणारी पथके अखेर इथल्या फलाटापर्यंत पोचली. मग सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि टाटा कंपनी यांनी मिळून घरोघर रुग्ण शोधले व लस टोचली. मे १९७५ मध्ये देशातली शेवटची रुग्ण सापडली, तीही आसामातल्या करीमगंज स्टेशनच्या फलाटावर! पुढे देवीचा रुग्ण दाखवणाऱ्यास १००० रुपयांचे बक्षीस लागले. लोक पुरळवाले रुग्ण दाखवीत, पण तपासणीत पुष्कळदा कांजिण्याच निघत. कांजिण्या म्हटले की सुटकेचा निःश्वास टाकायची सवय आपल्याला अशी लागली.

वास्तविक हे दोन अगदी वेगळे रोग आहेत. लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने १७६७ मध्येच तो फरक नीट मांडला होता. देवीची लस कांजिण्यांवर चालत नाही. कांजिण्यांची लस यायला त्यानंतर दोनशे वर्षे गेली, आणि ती आली एका बापाच्या काळजीतून.

जपानचे विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी १९६४ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे संशोधन करीत होते. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा कांजिण्या झालेल्या एका मुलीबरोबर खेळला आणि त्याला त्या लागल्या. अंगभर फोड, सणकून ताप आणि नंतर श्वास घेतानाही त्रास. आईवडिलांनी रात्री जागून काढल्या. मुलगा वाचला. आपण विषाणूंवर काम करतो, ते ज्ञान या रोगावर का वापरू नये, हा विचार मात्र ताकाहाशींच्या मनातून गेला नाही.

१९६५ मध्ये ते ओसाका विद्यापीठात परतले. कांजिण्या झालेल्या ओका नावाच्या एका लहान मुलाच्या फोडातून त्यांनी विषाणू मिळवला. तो ३४ अंश सेल्सिअसला मानवी पेशींत ११ वेळा आणि मग गिनीपिगच्या पेशींत १२ वेळा वाढवला. असे करता करता विषाणूची रोग देण्याची ताकद क्षीण झाली, पण शरीराला त्याची ओळख पटावी इतका तो जिवंत राहिला. रुग्णालयाच्या वॉर्डात एका मुलाला कांजिण्या झाल्या तेव्हा ज्यांना त्या पूर्वी झाल्या नव्हत्या अशा मुलांना ही लस दिली गेली आणि साथ तिथेच थांबली. हा शोध प्रसिद्ध झाला तोही १९७४ सालीच.

तरीही शंका होत्याच. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही नसांच्या मुळाशी दडून राहतो व उतारवयात नागीण होऊन वर येतो. लसीतल्या विषाणूने असेच केले तर? वर्षानुवर्षे मुलांवर लक्ष ठेवल्यावर विश्वास बसला. अमेरिकेने १९९५ साली परवानगी दिली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, १० हजारांवर रुग्णालयात जात आणि १०० ते १५० दगावत. 'छोट्या' मातेचा हा हिशेब आहे! ताकाहाशी २०१३ साली वारले.

आता भोगलेले. माझ्या तिसाव्या वर्षी साइटवरून घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी अंगावर फोड उठले. सौ.ला तेव्हा पाचवा महिना होता. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा रोग पसरतो, हे डॉक्टरांनी सांगितले आणि पायाखालची जमीन सरकली. गरोदरपणात तो आई व बाळ दोघांनाही धोक्याचा. मी मागच्या खोलीत, ती पुढच्या. दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला, "अहो, घाबरू नका, हिला चौथीत असताना येऊन गेल्यात." त्या दोन रात्रींत मला ताकाहाशी माहीत नव्हते, पण त्यांची जागरणे कळली. पुढे मुलीला दोन्ही डोस वेळेवर दिले.

ही लस सरकारच्या मोफत यादीत नाही, म्हणून ती राहून जाते. पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात असतो, दुसऱ्याची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारावी. मोठ्यांनीही आपल्याला कांजिण्या झाल्या होत्या का, हे आईला आजच विचारून ठेवावे. झाल्या नसतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. गरोदरपणात ती देत नाहीत, म्हणून नवविवाहितांनी आधीच विचारलेले बरे. आणि घरात कुणाला फोड आले, तर खपल्या धरेपर्यंत त्याने मंडपात येऊ नये. बाप्पा रागावणार नाहीत. प्रसाद आम्ही घरपोच करू.

या वर्षी उंदीरमामा ठणठणीत आहे. नाटुकले बघायला सर्वांनी जरूर यावे.

गणपती बाप्पा मोरया!